घरचं गाणं, बाहेरचा कागद : जीन रिची आणि ‘नॉटमन टाऊन’चं प्रकरण

१९६३च्या मे महिन्यात अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनचा ‘द फ्रीव्हीलिन बॉब डिलन’ हा अल्बम बाजारात आला. त्यात ‘मास्टर्स ऑफ वॉर’ नावाचं गाणं होतं. युद्धसामग्री विकून गब्बर होणाऱ्यांना त्यात थेट शिव्याशाप आहेत. शब्द डिलनचे आणि सणसणीत. चाल मात्र त्याची नव्हती. केंटकीच्या डोंगरातल्या एका घरात पिढ्यानपिढ्या गायल्या जाणाऱ्या ‘नॉटमन टाऊन’ या गाण्याची ती चाल.

त्या घरातलं शेंडेफळ जीन रिची तेव्हा न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेली नावाजलेली गायिका होती. तिनं हरकत घेतली. गाणं आमच्या घरचं आहे, निदान अरेंजमेंटचं, म्हणजे गाण्याच्या सांगीतिक मांडणीचं, श्रेय तरी द्या, एवढीच तिची मागणी. डिलनच्या वकिलांनी पाच हजार डॉलर देऊन पुढचे सगळे दावे मिटवले. श्रेयाच्या जागी नाव मात्र एकट्या डिलनचंच राहिलं.

प्रकरण म्हणाल तर एवढंच. संगीतधंद्यात याहून शंभरपट मोठ्या रकमांचे खटले झालेत. तरीही हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे, कारण लोकगीत कुणाचं असतं या प्रश्नाची सोपी उत्तरं इथं एकामागून एक गळून पडतात. ‘सगळ्यांचं’ म्हणावं तर रिची कुटुंबावर अन्याय होतो. ‘रिचींचं’ म्हणावं तर इतिहास आडवा येतो.

व्हायपरचं घर

व्हायपर हे केंटकी राज्याच्या आग्नेय भागातल्या पेरी काउंटीतलं गाव. कंबरलँडच्या डोंगररांगांत, दरीच्या सपाटीवर जिथं जागा मिळेल तिथं बांधलेली घरं. ८ डिसेंबर १९२२ रोजी बॅलिस आणि अबिगेल रिची यांच्या पोटी जीनचा जन्म झाला. चौदावं अपत्य. घरात दहा मुली, आणि त्या सगळ्या एकाच खोलीत झोपायच्या. रिचींचे पूर्वज अठराव्या शतकात स्कॉटलंडहून अमेरिकेत आले आणि पुढच्या पिढ्या डोंगरात सरकत गेल्या.

या घरात गाण्याला वेगळी वेळ नव्हती. उतारावरचा मका खुरपताना गाणं, भांडी घासताना गाणं, अंधार पडला की ओसरीवर सगळे मिळून गाणं. ‘बार्बरा अॅलन’सारखी शेकडो वर्षांपूर्वीची इंग्रजी-स्कॉटिश कथागीतं, खेळगाणी, अंगाई, चर्चमधली भजनं, सगळं एकाच पोतडीतलं. कोणतं गाणं कुठून आलं याची चौकशी कुणी करत नसे. आईचं गाणं, अमक्या काकाचं गाणं, एवढाच पत्ता पुरे. बॅलिस तसे लिखापढीचे. जुन्या गाण्यांची एक छोटी पुस्तिका त्यांनी छापलीही होती. जेसन रिची नावाचे नात्यातले एक काका शेजारच्या नॉट काउंटीत राहायचे. त्यांच्याकडे साठा आणखी मोठा. जीन शिकायला बाहेर पडली तरी सुट्टीत त्यांच्याकडून गाणी घ्यायची.

इथली गाण्याची रीत आपल्या कानाला सुरुवातीला कोरडी वाटते. गोष्टीत खून असो, दगा असो, पोर बुडून मेलेलं असो, गाणारा आवाज चढवत नाही, हुंदका आणत नाही, चेहरा हलवत नाही. कडव्यामागून कडवं एकाच चालीत जातं आणि भार सगळा गोष्टीवर. तालसुद्धा शब्दांच्या मागून चालतो. एखादा स्वर जरा लांबवायचा, ओळीच्या शेवटी जरा थांबायचं, तेवढीच मोकळीक. यामागे चर्चचाही हात आहे. त्या भागातल्या ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट पंथाच्या प्रार्थनेत वाद्य चालत नाही. म्होरक्या एक ओळ भराभर म्हणून टाकतो आणि मग सगळी सभा तीच ओळ संथ, लांबवून, ज्याच्या-त्याच्या हरकतींसकट गाते. स्वरांचे थर रचलेले नसतात. सगळे एकच चाल गातात, पण प्रत्येकाचं वळण वेगळं. जीनच्या गळ्यात हे सगळं मुरलेलं होतं. तिचा आवाज उंच, पातळ, निवळ. कंप जवळजवळ नाहीच. छोट्या हरकती, त्याही पटकन येऊन जाणाऱ्या.

घरात डल्सिमर होतं. लांबट, कमरेत निमुळतं, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं लाकडी वाद्य. तारा तीन. चाल एका तारेवर वाजते. बाकीच्या दोन तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून राहतात. डाव्या हातात काडीचा तुकडा, त्यानं तार दाबत सरकत जायचं. उजव्या हातात हंसाच्या पिसाची दांडी, तिनं छेडायचं. वडिलांनी पोरांना त्याला हात लावायची बंदी केली होती. चार-पाच वर्षांची जीन गुपचूप वाजवायची. वडील शिकवायला बसले तेव्हा पोरीला वाजवता येतंय हे त्यांच्या लक्षात आलं.

ऑक्सफर्डने छापलेलं पान

जीनच्या जन्माआधी पाच वर्षं, १९१७ साली, सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक या डोंगरात आला होता. इंग्लंडमध्ये लोकगीतं संपत चालली, पण अमेरिकेच्या या आडबाजूच्या दऱ्यांत ती जिवंत आहेत असं कळल्यावर तो १९१६ ते १९१८ या काळात मॉड कार्पेलिस या मदतनीस बाईंबरोबर इथं हिंडला. तो चाल लिहून घ्यायचा, त्या शब्द.

हिंडमन इथं १९०२ साली कॅथरीन पेटिट आणि मे स्टोन या दोघींनी डोंगरातल्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू केली होती. तिथं शार्पला उना आणि सॅब्रिना रिची या दोघी भेटल्या. उना ही जीनची मोठी बहीण. या दोघींनी त्याला ‘नॉटमन टाऊन’ गाऊन दाखवलं. कार्पेलिसबाईंनी संपादित केलेली शार्पच्या संग्रहाची मोठी दोन खंडांची आवृत्ती १९३२ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं काढली, तिच्यात ते गाणं दोघींच्या नावानिशी छापलं गेलं.

गाणं अजब आहे. गाणारा नॉटमन शहरातून घोड्यावरून जातो. रस्त्यात एकही माणूस मान वर करून बघत नाही, वाट सांगत नाही. राजा-राणी आणि त्यांचा लवाजमा मागून चालत आणि पुढून घोड्यावरून येतो, त्यांच्यापुढे एक नागवा ढोलवाला. गाणारा गरम, गार, गोठलेल्या दगडावर बसतो. भोवती दहा हजार माणसं उभी आणि तरी तो एकटा. जन्मालाच न आलेले दहा हजार लोक बुडून मरतात. आपल्याकडच्या कूटरचनांच्या जातीचं हे गाणं. गंमत अशी की शब्द वेडेवाकडे असले तरी चाल विलक्षण गंभीर आहे, जणू कुणी साक्ष देतंय. डिलनला त्या चालीचं आकर्षण का वाटलं असेल हे ती एकदा ऐकल्यावर विचारावं लागत नाही. शापवाणीला ती आयती बसते.

न्यूयॉर्कात

जीननं आधी विल्यम्सबर्गच्या कंबरलँड कॉलेजात आणि मग लेक्सिंग्टनच्या युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीत शिक्षण घेतलं. १९४६ साली समाजकार्याची पदवी, तीही उत्तम गुणांनी. युद्धकाळात प्राथमिक शाळेत काही काळ शिकवलं. नोकरी मिळाली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेत. देशोदेशीच्या स्थलांतरितांची पोरं तिथं यायची. जीननं त्यांना घरची खेळगाणी शिकवली. पोरांना ती आवडली आणि मोठ्यांच्या कानावर गेली.

तो काळ बरोबर तिच्या वाटेचा होता. लेडबेली आणि पीट सीगर हे लोकगायक, लोकगीतांचा संग्राहक अॅलन लोमॅक्स हे सगळे शहरात होते. लोमॅक्सनं लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी तिचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. ऑस्कर ब्रँडच्या रेडिओ कार्यक्रमात ती वरचेवर गाऊ लागली. १९५२ साली जॅक होल्झमनच्या नवख्या इलेक्ट्रा कंपनीनं तिची पहिली रेकॉर्ड काढली. ‘नॉटमन टाऊन’ही तिनं पुढे रेकॉर्डवर गायलं. शहरातल्या तरुण गायकांच्या कानावर हे गाणं पोचण्यात तिच्या रेकॉर्डचा वाटा मोठा.

१९५० साली तिनं जॉर्ज पिकाऊ या छायाचित्रकाराशी लग्न केलं. ब्रुकलिनमध्ये विल्यम्सबर्ग पुलाखाली पिकाऊच्या काकाच्या साथीनं डल्सिमरची कार्यशाळा सुरू झाली. सुरुवातीला हिंडमनच्या जेथ्रो अँबर्गी या सुताराकडून अर्धवट झालेली वाद्यं मागवायची, पिकाऊनं पॉलिश करायचं, जीननं सुरात लावायची. अशी तीनशेच्या आसपास विकली, मग इथंच बनवायला घेतली. १९६३ साली तिनं डल्सिमर वाजवायला शिकवणारं पुस्तकही लिहिलं. डोंगराबाहेर फारशा कुणाला माहीत नसलेलं हे वाद्य आज अमेरिकेत घरोघरी वाजतं, त्याचं बरंचसं श्रेय या नवरा-बायकोला जातं. ती स्वतःला जुनी वस्तू जपणारी बाई समजत नसे, हे इथं लक्षात घ्यायला हवं. शिकलेली, शहरात टिकून राहिलेली, हिशेब कळणारी बाई होती ती. डोंगरातली भोळी गायिका हे चित्र पुढच्या सगळ्या प्रकरणात दिशाभूल करतं.

समुद्रापलीकडे

१९५२ साली फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ती आणि पिकाऊ इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडला गेले. घरची गाणी तिकडून आली म्हणतात, तर ती तिकडे कशी गातात ते बघायचं. जवळजवळ दीड वर्ष फिरले. एलिझाबेथ क्रोनिन, सेरा मेकम, जीनी रॉबर्टसन, शेमस एनिस अशा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना त्यांनी टेपवर घेतलं. जुनी गाणी येतात का, असं विचारलं की लोक नाटकातली लोकप्रिय गाणी म्हणायला लागायचे. मग तिनं पद्धत बदलली. ‘बार्बरा अॅलन’ येतं का, असं विचारू लागली. त्याबरोबर समोरच्याला नेमकं कळायचं आणि खरी पोतडी उघडायची. लोकगीतांवर काम करणाऱ्या कुणालाही ही युक्ती आजही उपयोगी पडावी.

परतल्यावर १९५४ साली तिनं एक रेकॉर्ड काढली, तिच्यात पलीकडच्या गायकांचं गाणं आणि लगेच त्याच गाण्याचं रिचींच्या घरातलं रूप अशी मांडणी होती. आयर्लंडमधली त्यांची ध्वनिमुद्रणं आणि छायाचित्रं आता गॉलवेच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहेत.

म्हणजे या बाईला आपलं गाणं आपल्या घरात उगवलेलं नाही हे पक्कं ठाऊक होतं. ‘नॉटमन’मागे इंग्लंडातलं नॉटिंगहॅम असावं असं तीही मानायची. तरीही दहा वर्षांनी ती त्याच गाण्यावर हक्क सांगायला उभी राहिली. हा दांभिकपणा होता का? मला तसं वाटत नाही, पण प्रश्न टाळून चालणार नाही.

दावा

अमेरिकी कायद्यात पारंपरिक गाण्यावर कुणाचा हक्क नाही. हक्क मिळतो तो नव्या शब्दांवर आणि नव्या अरेंजमेंटवर. म्हणजे एखादी म्हातारी पन्नास वर्षं गाणं गात असेल तर तिला काही मिळत नाही. पण कुणी ते ऐकलं, दोन स्वर बदलले, गिटार जोडली आणि नोंदणी केली, तर मिळतं. कागद करणाऱ्याचा हक्क, गाणाऱ्याचा नाही. पन्नाशीच्या दशकात लोकगीतांना बाजार आला तसा या फटीतून पैसा वाहू लागला.

उदाहरण ताजं होतं. उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरातला फ्रँक प्रॉफिट हा शेतकरी आणि बँजो बनवणारा. त्यानं १९३८ साली फ्रँक वॉर्नर या संग्राहकाला ‘टॉम डूली’ गाऊन दाखवलं. वॉर्नरकडून ते लोमॅक्सच्या पुस्तकात गेलं, आणि १९५८ साली किंग्स्टन ट्रिओ या तिघांच्या रेकॉर्डनं लाखोंचा खप गाठला. प्रॉफिटचं नाव कुठंच नव्हतं. भांडण झालं, १९६२मध्ये तडजोड झाली आणि पुढच्या विक्रीतला वाटा प्रॉफिट, वॉर्नर, लोमॅक्स यांच्याकडे वळला. तोवर लाट ओसरली होती. जीन या सगळ्या मंडळींच्या वर्तुळातच होती. १९५९च्या पहिल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात ती गायली होती आणि १९६३ साली महोत्सवाचा कारभार सात कलाकारांच्या मंडळाकडे आला तेव्हा त्या सातांत ती होती. त्याच वर्षी डिलन न्यूपोर्टच्या मंचावर पहिल्यांदा आला. प्रॉफिटचं काय झालं हे तिनं जवळून पाहिलं असणार. कागद आपण केला नाही तर दुसरा करतो, हा धडा त्या पिढीच्या प्रत्येक गायकानं घेतला.

डिलनची बाजूही ऐकायला हवी. त्यानं जे केलं ते लोकगीतं गाणारे कायमच करत आले आहेत: जुनी चाल, नवे शब्द. रिचींच्या घरातही तेच होत आलं असणार. नाहीतर नॉटिंगहॅमचं गाणं केंटकीच्या मुशीत घडलं कसं? शिवाय ‘मास्टर्स ऑफ वॉर’ हे भिकार गाणं नाही. चाल उचलून त्यानं ती वाया घालवली असं कुणी म्हणणार नाही. त्यामुळे चोरी हा शब्द मला इथं वापरवत नाही.

पण एक फरक राहतो. ओसरीवर चाल बदलणाऱ्याला त्यातून कुणा तिऱ्हाइताला वगळायचं नसतं. रेकॉर्डवर ‘शब्द आणि संगीत’ म्हणून एकच नाव छापलं की तिऱ्हाईत वगळला जातो, आणि उद्या तीच चाल दुसऱ्यानं वापरली तर नव्या मालकाचा वकील येऊ शकतो. जीनची हरकत या छापलेल्या ओळीला होती. ते गाणं डिलननं गाऊ नये, असं तिचं म्हणणं नव्हतं. मागितलं होतं श्रेय, मिळाले पैसे. तडजोडीत असं नेहमी होतं. पैसे एकदा देऊन विषय संपतो, श्रेय दिलं तर ते दर आवृत्तीला छापत राहावं लागतं.

माझ्या मते तिच्या दाव्याची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती डिलनच्या बाजूनं येत नाही. चाल एका माणसाची नाही, घराची होती. उनानं ती जीनच्या जन्माआधीच गाऊन दाखवली, ऑक्सफर्डच्या छापील पानावर उना आणि सॅब्रिनाची नावं आहेत. ते पान म्हणजे चाल रिचींकडची आहे याचा सर्वांत भक्कम पुरावा. आणि त्याच पानामुळे असंही म्हणता येतं की १९३२पासून चाल जगापुढे उघडी पडलेली आहे, मग जीनची म्हणून तिच्यात निराळं काय उरलं? कायद्याला अरेंजमेंट करणारा एक माणूस लागतो. ‘रिचींच्या दहा बहिणी, एक काका आणि एक ओसरी’ अशी नोंद कुठल्याही फॉर्ममध्ये बसत नाही. जीननं स्वतःचं नाव पुढे केलं, कारण पुढे करायला दुसरं काही नव्हतं.

दरम्यान गाणं थांबलं नाही. साठच्या दशकात शर्ली कॉलिन्स आणि डेव्ही ग्रॅहम, बर्ट जान्श, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या ब्रिटिश मंडळींनी ‘नॉटमन टाऊन’ गायलं. इंग्लंडचं गाणं केंटकीहून फिरून इंग्लंडला परतलं.

आजोबांच्या नावाची गाणी

याच सुमारास जीन अगदी उलटा खेळ खेळत होती, आणि प्रकरणातला हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिनं स्वतःची गाणी लिहिली आणि ती ‘थॅन हॉल’ या नावानं बाहेर काढली. थॅन म्हणजे जोनाथन हॉल, तिच्या आईचे वडील. घराण्याच्या गाण्यावर स्वतःचं नाव हवं आणि स्वतःच्या गाण्यावर आजोबांचं! कारणं व्यवहारी होती. गाणी कोळसा कंपन्यांवर टीका करणारी. व्हायपरला राहणाऱ्या, राजकारणात कधी न पडलेल्या आईला त्याचा त्रास नको. आणि दुसरं, असल्या विषयावर पुरुषाचं नाव असलं तर लोक जास्त ऐकतील असा तिचा अंदाज. तो चुकीचा नसावा, हे जरा बोचतं.

‘द एल अँड एन डझन्ट स्टॉप हिअर एनीमोअर’ हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं. एल अँड एन म्हणजे लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वे. ही रेल्वे १९१२ साली पेरी काउंटीचं मुख्य ठाणं असलेल्या हॅझर्डला पोचली आणि मागोमाग कोळशाचा धंदा आला. गाण्यात खाण बंद पडली आहे, गाव ओस पडलं आहे, गाडी आता थांबत नाही. बोलणारा खाणकामगाराचा मुलगा. जीननं पुरुषाचं नाव घेतलं तसाच आवाजही पुरुषाचा घेतला, आणि कथागीताची जुनी कोरडी रीत इथं पुरेपूर वापरली. कुणालाही दोष न देता एकामागून एक गोष्टी सांगितल्या आहेत. १९७९ साली जॉनी कॅश या नामवंत कंट्री गायकानं ते रेकॉर्ड केलं.

‘ब्लॅक वॉटर्स’मध्ये मात्र दोष थेट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी संस्थेच्या वीजकेंद्रांना स्वस्त कोळसा हवा झाला तेव्हा, डोंगराची कातडी सोलून कोळसा काढायची पद्धत पूर्व केंटकीत फोफावली. बुलडोझरनं वरची माती, झाडं, खडक दरीत ढकलायचे. ओढे गाळानं भरायचे, पाणी काळं व्हायचं, विहिरी नासायच्या, पावसाळ्यात चिखलाचे लोंढे घरावर यायचे. आणि जमीनमालकाला बोलायची सोय नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दलालांनी डोंगरात फिरून जमिनीखालच्या खनिजाचे हक्क विकत घेतले होते, कित्येकदा एकरी पन्नास सेंटच्या भावानं. त्या करारात, खनिज काढायला जे सोयीचं वाटेल ते वरच्या जमिनीवर करण्याची मुभा कंपनीला होती. सही करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुदळ-फावडं आणि बोगदा होता. बुलडोझर त्यानं पाहिलाच नव्हता. राज्याची न्यायालयं पुढची कित्येक दशकं कंपनीच्या बाजूनं निकाल देत राहिली. १९६५ साली नॉट काउंटीत ओली कोम्ब्स या विधवा बाई आपल्या घरावरच्या उतारावर बुलडोझरच्या वाटेत बसल्या. पोलिसांनी त्यांना उचलून नेलं आणि तुरुंगात टाकलं. तो फोटो देशभर छापून आला.

जीनच्या दाव्याकडे मी या करारांच्या बाजूनं बघतो, म्हणून तो मला लोभाचा वाटत नाही. ती ज्या मुलखातून आली तिथं लोकांनी एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सोसली होती: वस्तू तुमची, वापर तुमचा, पण बाहेरून आलेल्या माणसाकडे कागद आहे. डोंगर गेला तसं गाणंही जाऊ शकतं हे तिला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन्हींत एक मोठा फरक आहे, तो मान्य करायला हवा. कोळसा नेला की डोंगर उरत नाही. गाणं नेलं तरी व्हायपरच्या ओसरीवर ते तसंच गाता येतं. डिलनच्या अल्बमनं रिचींच्या गळ्यातून काही काढून घेतलं नाही. म्हणून तिची मागणीही त्याच मापाची होती: थांबवा नव्हे, नाव लिहा.

पुढचं थोडक्यात. आजोबांचा मुखवटा पुढे गळून पडला, गाणी तिच्या नावानं छापली जाऊ लागली. १९७७च्या तिच्या ‘नन बट वन’ या अल्बमला रोलिंग स्टोन मासिकाच्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. १९८७ साली डॉली पार्टन, लिंडा रॉन्स्टॅट आणि एमीलू हॅरिस या गायिकांच्या ‘ट्रिओ’ अल्बममध्ये तिचं ‘माय डिअर कंपॅनियन’ आलं, रीतसर श्रेयासह. २००२ साली लोककलावंतांसाठीची राष्ट्रीय हेरिटेज फेलोशिप मिळाली. २००९च्या अखेरीस पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी जॉर्ज पिकाऊ गेला, आणि ती केंटकीतल्या बेरियाला परतली. १ जून २०१५ रोजी तिथंच, वयाच्या ९२व्या वर्षी तिचं निधन झालं.

खनिजाच्या त्या जुन्या करारांचा प्रश्न केंटकीच्या मतदारांनी १९८८ साली घटनादुरुस्ती करून सोडवला: करार झाला तेव्हा ज्या पद्धतीनं खाणकाम होत असे त्याच पद्धतीनं करता येईल, वरची जमीन सोलायची तर मालकाची संमती लागेल. १९९३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. गाण्यांसाठी असं कुणी मत मागितलं नाही. ‘मास्टर्स ऑफ वॉर’च्या श्रेयात आजही एकच नाव आहे. आणि ‘एल अँड एन’ हे गाणं, जे खरोखर एका बाईनं बसून लिहिलं, ते केंटकीतल्या मैफलींत कित्येकदा कुणाचंच नसलेलं जुनं गाणं म्हणून गायलं जातं.